जिल्हा एक द्या

आमच्याकडे पानगळ आणि पाट्या एकदमच येतात. ऑक्टोबर लागला की मेपलची पानं हिरवळीवर पडायला लागतात आणि त्याच हिरवळीत, दोन तारांच्या पायांवर, निवडणुकीच्या पाट्या उगवतात. पानं पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवली की शहराची गाडी येऊन घेऊन जाते. पाट्यांचं तसं नाही. निवडणूक उरकली तरी हरलेल्यांच्या पाट्या कधी कधी बर्फ पडेपर्यंत तशाच उभ्या असतात, कोणी काढायला येत नाही. यंदाच्या पाट्यांवर माझ्या लेकीचं नाव आहे. मुक्ता. निळ्या अक्षरांत, आडनावासकट, आणि आडनाव इथल्या लोकांच्या जिभेवर बसत नाही म्हणून खाली त्याचा उच्चारही फोड करून दिलाय. शेजारीपाजारी अभिनंदन करतात. मी थँक यू म्हणते आणि पंजा घेऊन पानं ओढायला लागते.

ओल्या पानांचा एक कुबट, गोडसर वास असतो. तो नाकात गेला की मला तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवतो. त्या वर्षी पाट्यांवर माणसांची नावं नव्हतीच. नुसतं 'येस' किंवा नुसतं 'नो'. आमच्या गल्लीत एका दारी येस, दुसऱ्या दारी नो, आणि एका घरी तर नवऱ्याची येस आणि बायकोची नो, मधे हॅलोविनचा भोपळा.

प्रश्न असा होता, की आमच्या शहरानं जुन्या काउंटीतून बाहेर पडून स्वतःची वेगळी काउंटी करावी का? काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, असं मी नागपूरला भावाला फोनवर सांगितलं, आणि ढोबळमानानं ते खरंही आहे. कोर्ट, तुरुंग, डोंगरातले रस्ते, बर्फ काढणाऱ्या गाड्या, म्हाताऱ्या माणसांचं सरकारी होम, हे सगळं आमच्याकडे काउंटीचं. शहरवाले म्हणायचे, टॅक्स आम्ही भरायचा आणि रस्ते डोंगरातले व्हायचे, हे किती दिवस चालणार? डोंगरातले लोक म्हणायचे, तुम्ही नळाला जे पाणी पिता ते आमच्या डोंगरातून येतं, ते विसरू नका. दोघांचंही खरं होतं. चूल वेगळी करायच्या भांडणात असंच असतं, दोन्ही जावांचं ऐकलं की दोघींचंही पटतं.

माझ्यापुरता मात्र हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. माझा प्रश्न एका खोलीचा होता. डोंगरावरच्या काउंटी होममधली, कॉरिडॉरच्या टोकाची, पूर्वेला खिडकी असलेली ती खोली. त्या खोलीत माझा नवरा, अरविंद, राहत होता.

अरविंद काउंटीच्या रस्ते खात्यात इंजिनियर होता. सगळी नोकरी त्यानं तिथेच काढली. इतर मराठी मंडळी मोठमोठ्या कंपन्यांत चढत गेली, कोणी प्लेनोला गेलं, कोणी श्रूजबरीला, आणि अरविंद आपला पिवळी टोपी घालून नाल्यांवरच्या मोऱ्या तपासत फिरायचा. मी त्याला चिडवायची, की सातासमुद्रापार येऊन केलंस काय, तर पीडब्ल्यूडी. तो म्हणायचा, रस्ता सगळीकडे लागतो. मग रिटायर झाल्यावर त्याची आठवण झिजायला लागली. आधी किल्ल्या, मग नावं, मग आमचं घर. एकदा तो गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत सापडला नाही. त्यानंतर मुक्ता आणि मी त्याला डोंगरावरच्या होममध्ये ठेवलं. त्या खिडकीतून खाली ओढ्यावरचा एक छोटा पूल दिसतो. तो पूल त्याच्याच हाताखाली नवा झाला होता. आपण केलाय हे त्याला आठवत नव्हतं, पण रोज सकाळी तो खिडकीशी उभा राहून पुलावरून गाड्या नीट जाताहेत ना, हे बघायचा. दुपारी जेवायचा, शांत झोपायचा. तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, त्याला जागा ओळखीची झाली आहे, आता ती बदलू नका. जागा बदलली की असली माणसं बुडत्यासारखी होतात.

नव्या काउंटीची रेषा डोंगराच्या पायथ्याशी येणार होती. होम रेषेच्या पलीकडे. आणि होममध्ये पहिला हक्क त्या काउंटीच्या लोकांचा. आम्ही शहरातले. रेषा पडली की आम्ही परके.

मग अरविंदचं काय होणार, हे मी मुक्ताला विचारलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. मी आयसेलिनच्या देशी दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापत होते. दर गुरुवारी मी दोन भाकरी डोंगरावर न्यायची, एक अरविंदला दुधात कुस्करून, आणि एक त्याच्या खोलीतल्या वॉल्टरला. वॉल्टर डोंगरातला जुना शेतकरी, गाईंवर आयुष्य काढलेला. तो भाकरीला 'फ्लॅट ब्रेड' म्हणायचा आणि तिच्यावर जॅम लावायचा. मुक्ताच्या कोटाला 'येस'चा बिल्ला होता. शहररचना हा तिचा विषय, त्यातच तिची नोकरी, आणि ती त्या मोहिमेत मनापासून उतरली होती. ती खोटं बोलणारी नाही, हे मला आधीच सांगून टाकायला हवं.

"आई, लिसन," ती म्हणाली, "बाबा विल बी फाइन. जे ऑलरेडी तिथे आहेत ना, ते सगळे ग्रँडफादर्ड इन होतील."

"कोण ग्रँडफादर होणार?"

"बाबा."

तव्यावर भाकरी होती आणि मी तिच्याकडे वळून बघितलं. मुक्ताला मूल नाही. डॉक्टर, औषधं, सगळं करून झालेलं, आम्ही त्या विषयावर बोलणं सोडून दिलेलं. क्षणभर मला वाटलं, ही मला काहीतरी गोड बातमी देते आहे. माझा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "नो, नो, आई. तसं नाही. ग्रँडफादर्ड म्हणजे जुन्या लोकांना जुनाच रूल. नवीन रूल फक्त नवीन लोकांना."

मी भाकरी उलटली. एका बाजूनं ती करपली होती. इंग्रजीत पन्नास वर्षं काढली तरी एखादा शब्द असा दार उघडून आत घेतो आणि आत गेल्यावर कळतं, घर दुसऱ्याचंच आहे.

मग शाळेच्या जिममध्ये सभा झाली. फरशीला पॉलिशचा वास, डोक्यावर बास्केटबॉलची जाळी, घडीच्या खुर्च्यांवर बसलेलं निम्मं शहर. व्यासपीठावरच्या 'येस'वाल्या बाई छान बोलत होत्या. कोर्ट जवळ येईल, निर्णय जवळ येतील, बर्फ लवकर निघेल, आणि या सगळ्याचा फायदा रेसिडेंट्सना होईल. रेसिडेंट्स, रेसिडेंट्स, त्यांच्या प्रत्येक वाक्यात तो शब्द येत होता. मला तो शब्द चांगला ओळखीचा. आम्ही या देशात आलो तेव्हा ग्रीन कार्डानं आम्हाला पर्मनंट रेसिडेंट केलं होतं, पेढे वाटायचा दिवस होता तो. आणि आता डोंगरावरच्या होममध्ये अरविंदला, वॉल्टरला, सगळ्यांना रेसिडेंट्सच म्हणतात. पेशंट म्हणत नाहीत. रेसिडेंट्स लंच करताहेत, रेसिडेंट्स झोपलेत.

मी हात वर केला. सभेत बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, माझे मिस्टर काउंटी होममध्ये रेसिडेंट आहेत. त्यांना काय फायदा?

हशा झाला नाही, की टाळ्याही नाहीत. बाई प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, आम्ही त्यावर विचार करू. इथे 'चांगला प्रश्न' म्हणाले की समजावं, उत्तर नाही. मागच्या रांगेत मुक्ता उभी होती. तिनं मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघत राहिली. 

त्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर डोंगरावर आली. रस्त्यावर लाल, पिवळी पानं चिकटून बसली होती. अरविंद खिडकीशी होता. मुक्ताला बघून त्याचा चेहरा उजळला, पण ओळखून नव्हे. तो खिशात हात घालून काहीतरी शोधायला लागला आणि अगदी अदबीनं तिला म्हणाला, "मास्तर, जिल्ह्याची गाडी लागली का?"

"व्हॉट्स ही सेइंग?" मुक्तानं मला विचारलं. शब्द तिला कळले होते, अर्थ कळला नव्हता. मग खुर्ची ओढून मी तिला ती गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती एके काळी इतकी झिजली होती, की पुन्हा कोणी काढतच नव्हतं.

अरविंदचं गाव औंढ्याजवळ. त्याच्या लहानपणी ते परभणी जिल्ह्यात होतं. तिकडे परभणीला जातो असं कोणी म्हणायचं नाही, जिल्ह्याला जातो म्हणायचे. मोठा दवाखाना जिल्ह्याला, परीक्षा जिल्ह्याला, नवे बूट जिल्ह्याला. एसटीत बसलं की कंडक्टरला म्हणायचं, "मास्तर, जिल्हा एक द्या." लग्नानंतर पहिल्यांदा मी ते ऐकलं आणि खूप हसले. मी नागपूरची. आम्ही कशाला जिल्ह्याला जातोय, जिल्हाच आमच्याकडे येतो! पुढे आम्ही इकडे आलो, आणि आमच्या माघारी तिकडे जिल्हा फुटला. हिंगोली वेगळी झाली, आणि अरविंदचं गाव हिंगोलीत गेलं. हे त्याला कळलं होतं, पेपरात वाचलंही होतं. पण नंतर एकदा तो एकटाच गावी गेला, आणि परभणीला बहिणीकडे जायला निघाला. औंढ्याच्या स्टँडवर त्यानं विचारलं, जिल्ह्याची गाडी कोणती? लोकांनी दाखवली. तो बसला, जिल्हा एक द्या म्हणाला, कंडक्टरनं तिकीट फाडलं. विमानप्रवासाची झोप डोळ्यांवर होती, तिकीट न बघताच तो झोपला. उठला तो हिंगोलीत. तिकडे बहीण पुरणपोळ्या करून परभणीच्या स्टँडवर भावाची वाट बघत उभी.

मुक्ता हसली. वॉल्टरला मी इंग्रजीत सांगितली तर तोही हसला. अरविंदही हसला, सगळे हसताहेत म्हणून. मग मुक्तानं मला विचारलं, "पण आई, वॉज इट गुड? फॉर द पीपल? तो नवीन जिल्हा?"

 जिल्हा फुटला तेव्हा मी इथे होते आणि माझं नागपूर जागच्या जागी होतं. म्हणून मी गावी दिराला, भास्करभाऊजींना, फोन लावला. तिकडे मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. त्यांना माझा प्रश्न ऐकून गंमत वाटली असणार.

"फायदा झाला की वहिनी," ते म्हणाले. "कलेक्टरचं हापिस जवळ आलं. सकाळी गेलं की जेवायला घरी. पहिलं असं नव्हतं. दिवस मोडायचा."

"मग सगळे खूश?"

"खूश म्हंजे..." ते थांबले. "आक्का परभणीला. पोरीचं सासर परभणीला. पहिलं कोर्टात, दवाखान्यात काही काम निघायचं, त्या निमित्तानं आक्काकडं एक घास खाऊन यायचं. आता काम निघत नाही. निस्तं भेटायला कोण जातंय? बघा ना, दोन वर्षं झाली मी आक्काला बघितलं नाही. वाटेवरच नाही राहिली ती."

 भाऊजी तक्रार करत नव्हते. विचारलं म्हणून सांगत होते.

मतदानाला मुक्ताच मला घेऊन गेली. तेच जिम, तीच जाळी. पडद्याच्या आडोशाला मी पेन हातात धरून उभी राहिले. माझ्या लेकीची आठवड्यांची मेहनत मला दिसत होती. तिचं म्हणणं मला पटतही होतं. पोरांच्या शाळा, बसेस, सगळं हाताशी आलं तर वाईट काय आहे? आणि तरी मी 'नो'च्या पुढचा गोल काळा केला. त्यात राजकारण नव्हतं. मला एक खिडकी वाचवायची होती. बाहेर आल्यावर मी तिला सांगून टाकलं. "आय नो, आई," ती म्हणाली, आणि माझ्या स्वेटरला चिकटलेलं पान काढून टाकलं.

येस जिंकलं. तसं घासून जिंकलं, पण जिंकलं. मग वकील, नकाशे, राज्याच्या राजधानीतल्या बैठका. गेल्या वर्षी रेषा पडली. पायथ्याशी एक हिरवी पाटी आली. मुक्ताचा शब्द खोटा ठरला नाही, अरविंदला जुन्याच नियमानं ठेवून घेतलं. फक्त तो नियम एक वर्षापुरता होता. हे तिलाही नंतरच कळलं, आणि मला सांगायला ती आली तेव्हा बूट न काढताच माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली, लहानपणी काही फोडलं की उभी राहायची तशी. मी तिला रागावले नाही. रागवायचं तरी कशासाठी? खोली डोंगरातल्या कोणा म्हाताऱ्याला हवी होती, आणि तोही कोणाचा तरी बाप असणार.

या वसंतात आम्ही अरविंदला शहरात, नव्या होममध्ये आणलं. वॉल्टर दारापर्यंत आला. त्याला वाटलं, अरविंद घरी चाललाय. त्यानं हात हलवून निरोप दिला.

आता कोणी मला विचारलं, फायदा झाला का, तर मी भाऊजींसारखंच सांगेन. झाला की. नवं होम माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. बर्फातून डोंगर चढायची माझी भीती गेली. मी रोज जाते. खोल्या मोठ्या, उजेड भरपूर, मुली प्रेमळ. आमच्या गल्लीतला बर्फही लवकर निघतो. मुक्ता जे जे म्हणाली होती ते बहुतेक खरं झालं, म्हणून तर ती नव्या काउंटीच्या निवडणुकीला उभी राहिली आहे, आणि या वेळी मी तिलाच मत देणार आहे. फक्त अरविंदच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. तो सकाळी खिडकीशी जातो, पूल शोधतो आणि परत येऊन पलंगावर बसतो. भाकरी तोंडात धरून ठेवतो, गिळत नाही. दुपार कलली की अंगात जॅकेट घालून दाराशी उभा राहतो. कुठे जायचंय, असं विचारलं की म्हणतो, जिल्ह्याला. रोज. मी रोज त्याचं जॅकेट काढते. ते खुंटीला अडकवताना फायद्यातोट्याचा हिशेब लागत नाही.

गेल्या रविवारी मुक्ता दारोदार फिरून थेट होमवर आली. बुटांना चिखल, घसा बसलेला, केसांत एक वाळकं पान. अरविंद जॅकेट घालून दाराशीच होता. मी बटणं काढायला पुढे झाले तर ती म्हणाली, "राहू दे आई. लेट्स टेक हिम आउट. थोडा वेळ."

आम्ही त्याला गाडीत बसवलं. मी मागे त्याच्या शेजारी बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पानांचे ढीग आणि मुक्ताच्या नावाच्या पाट्या होत्या. त्यानं त्या वाचल्या नाहीत. मोठ्या चौकापाशी सिग्नल लागला. तिथून उजवीकडे नवं कोर्ट, नवी काउंटी, मुक्ताची उद्याची ऑफिसं. डावीकडे डोंगराचा रस्ता. अरविंद एकदम पुढे झुकला, मुक्ताच्या खांद्याला त्यानं दोन बोटांनी हलकेच टिचकी मारली आणि हात पुढे केला.

"मास्तर," तो म्हणाला, "जिल्हा एक द्या."

मुक्तानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मग मागे वळून, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, तिनं त्याला खरोखरच विचारलं, "कुठला जिल्हा, बाबा?"

त्याला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. अडाणी कंडक्टरकडे बघावं तसं त्यानं तिच्याकडे बघितलं.

"कुठला म्हंजे? एकच तर आहे."

सिग्नल हिरवा झाला.  मुक्तानं डावीकडचा इंडिकेटर लावला.